तंजावरचे भोसले: कौतुक कशाचे?

कावेरीतीर: ‘तंजावरचे भोसले ईस्ट इंडिया कंपनीचे पेन्शनर, त्यांचे कौतुक कसले?’ या कालच्या विधानाला सविस्तर उत्तर देणे भाग आहे. विजापूरकरांनी दक्षिणेत धाडलेल्या व्यंकोजीराजांनी, म्हणजे शिवाजी महाराजांच्या सावत्र भावाने, १६७५-७६ च्या सुमारास तंजावर स्वतःच घेतले, आणि परक्या मुलखात तिथलीच विद्या जोपासून त्यांच्या वंशाने १८५५ पर्यंत गादी टिकवली. व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजीराजांनी मराठीबरोबर तेलुगूतही नाटके लिहिली. दुसऱ्या सरफोजीराजांनी तर ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकात कुरवंजीच्या, म्हणजे भविष्य सांगणाऱ्या भटक्या स्त्रीच्या, तोंडून जगाचा भूगोल वदवला. हे निव्वळ पेन्शनराचे काम नव्हे.

सह्यकडा: विधान माझे आहे आणि ते मी मागे घेणार नाही. १७९९ च्या तहाने कारभार कंपनीकडे गेला आणि राजांच्या हाती एक लाख पॅगोडा (सोन्याची नाणी) व वसुलाचा पाचवा हिस्सा उरला. सरस्वती महाल या ग्रंथालयाचा पाया भोसल्यांआधीच्या नायक राजांचा. १६७७ मध्ये थोरले महाराज, म्हणजे शिवाजी महाराज, स्वतः भेटले तरी व्यंकोजीराजांचे त्यांच्याशी जुळले नाही, हे आपण सोयीस्करपणे विसरता. शिवाय कर्नाटक संगीताचे रचनाकार त्यागराजांनी राजाश्रय नाकारला, असे परंपराच सांगते.

मोडीवाचक: पाया नायकांचा असेल, पण काशीपासून पोथ्या जमवून तो संग्रह वाढवला सरफोजीराजांनी. तिथल्या मोडी कागदांविषयी येथे कोणीच बोलत नाही, याचा मला संताप येतो. माझ्या आजोबांच्या जमिनीचे मोडी कागद घेऊन मी एका कार्यालयात गेलो, तेव्हा ते वाचू शकणारा एकही माणूस तिथे नव्हता. जी लिपी आपणच टाकून दिली, त्या लिपीतल्या राजवटीवर निवाडा देण्याचा आपल्याला काय अधिकार?

सह्यकडा: मोडीचा येथे काय संबंध? घरच्या कागदांचे दुःख मला समजते, परंतु ते पुरावा ठरत नाही.

मोडीवाचक: संबंध असा, की छत्रांत, म्हणजे अन्नछत्र-धर्मशाळांत, कोणाला जेवण मिळाले आणि कलावंतांना काय दिले गेले, हे अशाच दफ्तरांतून कळते. ती न वाचता आपण ‘पेन्शनर’ म्हणता, हा उद्धटपणा आहे.

कावेरीतीर: कृपया शब्द जपून वापरावेत, मात्र मोडीवाचकांचा मुद्दा बरोबर आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर कोरलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी लेख डोळ्यांसमोर आहे म्हणून आपण तेवढाच सांगतो. तंजावूर चौकडी म्हणून ओळखले जाणारे नृत्य-संगीतगुरू पोन्नैया, चिन्नैया, शिवानंदम आणि वडिवेलु हे बंधू याच दरबारात होते. आज भरतनाट्यमचा जो मार्गम (नृत्यप्रकारांचा ठरलेला क्रम) शिकवला जातो, त्याची घडण त्यांची. वडिवेलु पुढे त्रावणकोरला तिथले राजे स्वातितिरुनाळ यांच्याकडे गेले.

सह्यकडा: चौकडीचे श्रेय मी नाइलाजाने मान्य करतो. कलावंतांना आश्रय मिळाला, एवढे खरे. पण तो खर्च कावेरीकाठच्या शेतकऱ्याच्या धान्यातून निघाला. मोडी दफ्तरे उघडायचीच असतील तर वसुलाचीही उघडावीत, आणि मोडीवाचकांनी ती वाचून येथे मांडावीत.

मोडीवाचक: मांडतो. तोपर्यंत ‘पेन्शनर’ हा शब्द थांबवावा.