फाशीविरोधी दिनाच्या पत्रकात एलजीबीटी गटांची बाजू कशी मांडावी?

मीरा_गिरगाव (प्रश्न)

१० ऑक्टोबरला जागतिक मृत्युदंडविरोधी दिन. यंदा मुंबईतले दोन-तीन एलजीबीटी गट आणि फाशीच्या विरोधात काम करणारे काही वकील मिळून आझाद मैदानात दोन तासांची सभा घ्यायचं ठरतंय. मराठी पत्रक माझ्याकडे आहे. ए-फाइव्ह आकार, पाठपोट, हजार प्रती. मसुद्यातली मुख्य ओळ सध्या अशी आहे: "प्रेम केलं म्हणून कुणालाही फाशी नको."

चार गोष्टींवर मदत हवी आहे. परदेशातल्या कायद्यांबद्दल काय लिहिलं तर ते बिनचूक ठरेल? "भारतात समलिंगी असल्याबद्दल फाशी होत नाही, मग तुमचा काय संबंध?" या प्रश्नाला पत्रकात उत्तर कसं द्यावं? तृतीयपंथीयांवर बलात्कार आणि खून करणाऱ्यांना फाशीच हवी असं गटातल्याच काही जणांचं म्हणणं आहे, त्यांना काय सांगावं? आणि परवानगीचं काय?

स्नेहल_दादर

आधी मुख्य ओळ बदला. "प्रेम केलं म्हणून फाशी नको" वाचलं की पुढचं वाक्य वाचणारा स्वतःच जोडतो: बाकीच्यांना द्या. फाशीविरोधी चळवळीचं म्हणणं असं आहे की गुन्हा सिद्ध झालेल्या माणसालाही सरकारने मारू नये. तुमच्या ओळीत हा माणूस बाहेर राहतो. वकिलांची तुमच्याकडून अपेक्षा असेल ती नेमकी त्याच्या बाजूने उभं राहण्याची. निरपराध प्रेमिकांसाठी सही करायला बहुतेक लोक तयार असतात.

आता देश. इराण, सौदी अरेबिया, येमेन, मॉरिटानिया, ब्रुनेई आणि उत्तर नायजेरियातली बारा राज्यं इथे संमतीच्या समलिंगी संबंधांना मृत्युदंडाची तरतूद आहे. २०२३ पासून त्यात युगांडा आलं. अफगाणिस्तान, पाकिस्तान, कतार, सोमालिया आणि अमिरात यांच्या कायद्यांचा अर्थ काय लावायचा यावर जाणकारांत एकमत नाही. दोन्ही याद्या एकत्र करून "बारा देशांत फाशी" असं लिहू नका. एखादा अभ्यासू वाचक एकच देश खोडून दाखवेल आणि सगळं पत्रक बाद ठरवेल.

युगांडाबद्दल एक ओळ जास्त लिहा. तिथल्या कायद्यात साध्या समलिंगी संबंधांना जन्मठेप आहे. मृत्युदंड आहे तो "गंभीर" प्रकाराला. हे ऐकून लोकांना वाटतं की तो फक्त लहान मुलांवरच्या अत्याचारासाठी असेल. पण त्याच व्याख्येत पुन्हा दोषी ठरलेली व्यक्ती येते, जोडीदार अपंग असला तर ते येतं, जोडीदाराचं वय ७५ किंवा जास्त असलं तरी ते येतं. म्हणजे दोन सज्ञान माणसं राजीखुशीने एकत्र असली तरी कलम लागू शकतं. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने काही कलमं रद्द केली, मृत्युदंड मात्र ठेवला.

ब्रुनेईबद्दल "जगाच्या दबावामुळे कायदा रद्द झाला" असं सर्रास लिहिलं जातं. ते चूक आहे. ३ एप्रिल २०१९ ला कायदा लागू झाला, तिथल्या सरकारच्या मालकीच्या परदेशातल्या हॉटेलांवर बहिष्कार पडला, आणि मे महिन्यात सुलतानाने अंमलबजावणी थांबवत असल्याचं जाहीर केलं. कायदा अजून पुस्तकात आहे.

इराणच्या बाबतीत फार सांभाळून लिहा. जुलै २००५ मध्ये मशहद शहरात दोन तरुणांना जाहीर फाशी दिली, त्याचे फोटो जगभर फिरले आणि "समलिंगी प्रेमासाठी फाशी" म्हणून मोठी मोहीम झाली. आरोप मात्र एका तेरा वर्षांच्या मुलावर बलात्कार केल्याचा होता. खरं काय घडलं यावर मानवी हक्क संघटनांतच वाद झाला. दोघे समलिंगी होते की नव्हते यावरच मोहीम उभी केली होती, त्यामुळे ते डळमळीत झाल्यावर तिचा जोर गेला. "त्यांनी काहीही केलं असलं तरी फाशी चूक" एवढं म्हटलं असतं तर ते वाक्य टिकलं असतं. शिवाय जिवंत कैद्याला परस्पर समलिंगी ठरवलं तर त्याच्याच खटल्यात ते त्याच्यावर उलटू शकतं. वकिलाने किंवा कुटुंबाने सांगितल्याशिवाय कुणाची ओळख छापू नका.

अजून एक ठरलेली चूक. सप्टेंबर २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत ठराव आला: २७ मतं बाजूने, १३ विरोधात, ७ तटस्थ. भारताचं मत विरोधात होतं. त्यावरून "समलिंगींना फाशी द्यायला भारताचा पाठिंबा" असे मथळे झाले. ठराव मृत्युदंडाच्या एकूण वापरावर होता, समलिंगी संबंधांचा मुद्दा त्यातला एक भाग. मृत्युदंड हा आपल्या सार्वभौम अधिकारातला विषय आहे असं म्हणत भारत अशा ठरावांना कायम विरोध करतो, संयुक्त राष्ट्रांच्या महासभेतल्या मृत्युदंड स्थगितीच्या ठरावालाही. टीका जरूर करा, पण ती या धोरणावर करा.

वकील_फोर्ट

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नावर लिहितो.

समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मध्ये कमाल शिक्षा जन्मठेप होती, फाशी कधीच नव्हती, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर संमतीच्या संबंधांना ते कलम लागू राहिलं नाही. म्हणजे "आमच्यावर फाशीची टांगती तलवार आहे" असं लिहिता येणार नाही. संबंध दुसरीकडून येतो. फाशी कुणाला सुनावली जाते, ते बघा. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या २०१६ च्या अहवालानुसार फाशीच्या कैद्यांपैकी ७४.१ टक्के आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतले होते. घरातून हाकललेला, शाळा सुटलेला, कागदपत्रं नसलेला, चांगला वकील न परवडणारा माणूस याच रांगेत असतो. हे वर्णन कुणाकुणाला लागू पडतं ते तुमच्या गटांना सांगायला नको.

न्यायालयात पूर्वग्रह कसा काम करतो, याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण अमेरिकेतलं आहे. साउथ डाकोटात चार्ल्स ऱ्हाइन्स या समलिंगी माणसाला १९९३ मध्ये खुनासाठी मृत्युदंड मिळाला. शिक्षा ठरवताना ज्यूरीने (खटल्यात निर्णय देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने) न्यायाधीशांना चिठ्ठी पाठवून विचारलं होतं की जन्मठेप दिली तर तो इतर कैद्यांत मिसळेल का, त्याच्या कोठडीत सोबत दुसरा कैदी असेल का. पुरुषांच्या तुरुंगात पाठवणं ही त्याच्यासाठी शिक्षाच ठरणार नाही, असं बोलणं ज्यूरीत झाल्याचं काही सदस्यांनी नंतर सांगितलं. एलजीबीटी संघटनांनी त्याच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयात निवेदन दिलं. तरी ४ नोव्हेंबर २०१९ ला त्याला मारलं. हा माणूस निर्दोष नव्हता. संघटना एका दोषी माणसासाठी उभ्या राहिल्या, म्हणून हे उदाहरण पत्रकात घ्या.

आता मुंबई. हा भाग अवघड आहे आणि टाळू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये इथल्या विशेष पोक्सो न्यायालयाने (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचे खटले चालवणाऱ्या) एका चोवीस वर्षांच्या ट्रान्सजेंडर व्यक्तीला फाशी सुनावली. कफ परेड भागातल्या तीन महिन्यांच्या मुलीचं अपहरण, अत्याचार आणि खून. असं प्रकरण आलं की गट गप्प बसतात, कारण तोंड उघडलं तर सगळ्या समाजाला त्या गुन्ह्याशी जोडलं जाईल अशी भीती असते. ती भीती खरी आहे. पण सभेत पहिला प्रश्न हाच येणार. उत्तर आधी ठरवून ठेवा: बाळाच्या आईवडिलांचं दुःख पूर्ण मान्य, गुन्ह्याची शिक्षा व्हावी, फाशी नको. तीनही गोष्टी याच क्रमाने बोला.

अशा खटल्यात गट प्रत्यक्ष काय करू शकतात हे फार कमी लोकांना माहीत असतं. सत्र न्यायालयाने सुनावलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय देता येत नाही (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३६६, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ४०७). मे २०२२ च्या मनोज विरुद्ध मध्य प्रदेश निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शिक्षा ठरवण्याआधी आरोपीचं बालपण, कुटुंब, शिक्षण, मानसिक तपासणी, तुरुंगातली वागणूक हे सगळं समोर आलं पाहिजे. ट्रान्स व्यक्तीच्या बाबतीत इथेच फाईल रिकामी राहते. घरच्यांनी संबंध तोडलेले असतात, शाळेच्या दाखल्यावर जुनं नाव असतं, रुग्णालयाच्या केसपेपरवर तिसरंच. ज्यांच्यासोबत ती व्यक्ती राहिली ते गुरु-चेले (तृतीयपंथीयांच्या घराण्यातली माणसं) न्यायालयाच्या नजरेत कुटुंब नसतात, म्हणून त्यांना कुणी विचारायला जात नाही. गटाने ही माणसं शोधावीत, नावांचा मेळ घालणारे कागद जमवावेत आणि थेट बचावाच्या वकिलाकडे द्यावेत. पत्रकारांकडे देऊ नयेत, कारण एकदा छापून आलेली अर्धवट माहिती नंतर उलटतपासणीत वापरली जाते.

तिसरा प्रश्न. फाशी मागणाऱ्यांचा राग खरा आहे, त्याला उपदेश करू नका. त्यांच्यापुढे कायदा ठेवा. २०१९ च्या ट्रान्सजेंडर कायद्याच्या कलम १८ मध्ये लैंगिक अत्याचाराला सहा महिने ते दोन वर्षं एवढीच शिक्षा ठेवली गेली. पोलीस ठाण्यात तक्रार घेत नाहीत, वैद्यकीय तपासणीला उशीर होतो, साक्षीदार फिरतात. यातलं काहीही फाशीने सुटत नाही. मागणी त्या तीन जागांवर नेता येते.

दोन उदाहरणं जोडा. वायोमिंगमध्ये १९९८ साली मॅथ्यू शेपर्ड या समलिंगी विद्यार्थ्याचा खून झाला. पुढच्या वर्षी त्याच्या आईवडिलांच्या संमतीने एका मारेकऱ्याचा मृत्युदंड टळला आणि दोन जन्मठेपा झाल्या. दुसरं उदाहरण ढाक्याचं. झुल्हाझ मन्नान या कार्यकर्त्याच्या एप्रिल २०१६ मधल्या खुनासाठी ऑगस्ट २०२१ मध्ये सहा जणांना मृत्युदंड सुनावला गेला. बांगलादेशात समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ब्रिटिशांच्या काळातलं कलम ३७७ मात्र तसंच राहिलं.

छापखाना_लालबाग

मजकुरातल्या शब्दांबद्दल.

मराठीत "फाशी झाली" याचे दोन अर्थ होतात: शिक्षा सुनावली, किंवा माणसाला लटकवलं. वर्तमानपत्रं दोन्हीला तेच लिहितात. तुमच्या पत्रकात हा घोळ परवडणार नाही, कारण आकडे प्रचंड वेगळे आहेत. २०२३ च्या अखेरीस देशात ५६१ फाशीचे कैदी होते, आणि २००४ ते २०२० या काळात प्रत्यक्ष फाशी दिली गेली ती आठ जणांना. म्हणून "सुनावली", "कायम केली", "दिली" ही क्रियापदं वेगळी वापरा. आणि परदेशांबद्दल लिहिताना "मृत्युदंड" लिहा. सौदीत शिरच्छेद होतो, ब्रुनेईच्या कायद्यात दगडांनी मारणं आहे, तिथे "फाशी" हा शब्द चुकतो.

छपाईत होणारी चूक: तुम्ही युनिकोडमध्ये टाइप करून पाठवता आणि प्रेसवाला तो मजकूर आपल्या जुन्या फाँटात बदलून घेतो. त्यात रफार सरकतो, "ॲ" चा चौकोन होतो, "ऱ्ह" तुटतो. तुमच्या मजकुरात "ॲड." आणि "ऱ्हाइन्स" दोन्ही येणार. पीडीएफ पाठवा, फाँट एम्बेड करून (म्हणजे फाइलमध्येच जोडून), आणि कागदावरचं प्रूफ बघूनच हजार प्रतींना हो म्हणा. अक्षर १२ पॉइंटच्या खाली नको. ए-फाइव्हच्या एका बाजूला दीडशे-पावणेदोनशे शब्द नीट बसतात, त्यामुळे वरचं सगळं येणार नाही. एका बाजूला मागणी आणि मुंबई, दुसऱ्या बाजूला जग. तळाला मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं द्या; २०२४ मध्ये रद्द झालेल्या जुन्या कायद्याने ती लागत.

आझाद_मैदानी

परवानगीचं थोडक्यात. अर्ज आझाद मैदान पोलीस ठाण्यात, किमान दहा दिवस आधी द्या. तारीख, वेळ, अंदाजे संख्या, वक्त्यांची नावं, मंचाचा आकार, ध्वनिक्षेपक हवा की नाही, जबाबदार दोघांचे ओळखपत्र आणि फोन. दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेसह पोच घ्या, नुसतं "ठेवून जा" चालणार नाही. मैदानाबाहेर मिरवणूक किंवा रस्त्यावर पत्रकवाटप करायचं असेल तर ते अर्जात वेगळं लिहा. शहरात जमावबंदीचे आदेश वरचेवर निघत असतात, आणि मैदानाची परवानगी फुटपाथला लागू होत नाही.

घोषणा आधी लिहून ठरवा आणि माइक कुणाच्या हातात जाईल तेही. फेब्रुवारी २०२० मध्ये याच मैदानावरच्या एलजीबीटी मेळाव्यातल्या घोषणांवरून राजद्रोहाचं कलम लावून गुन्हा दाखल झाला होता, आणि त्यात पन्नासहून जास्त लोक अडकले. फोटोसाठी मंचाच्या एका बाजूला जागा आखा. ज्यांनी घरी सांगितलेलं नाही, त्यांनी दुसऱ्या बाजूला बसावं आणि तसं माइकवरून दोनदा सांगावं.

मीरा_गिरगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. मुख्य ओळ बदलली: "कुणालाही फाशी नको. दोषी असला तरी. आपल्यातला असला तरी, आपला मारेकरी असला तरी." तिच्याखाली मुंबईचा परिच्छेद असा सुरू होतो: "फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबईत एका ट्रान्सजेंडर व्यक्तीला फाशी झाली."

छापखाना_लालबाग

ओळ चांगली आहे, तशीच ठेवा. परिच्छेदात मात्र "झाली" राहिलंय, तिथे "सुनावली" करा. आणि त्या परिच्छेदाचं पहिलं वाक्य बाळाच्या कुटुंबाबद्दल असू द्या, वर वकिलांनी क्रम दिलाय तसं.