अनुभव लिहा: जुन्या पिकअपचा काटा वर-खाली का होतो?

राजापूर, धागा काढणारा

कोकणातल्या सगळ्या जुन्या पिकअपवाल्यांना आग्रहाचं बोलावणं. गाडी तापून उभीच राहिली तर कारण लवकर हाती लागतं. खरा त्रास होतो तो तापमानाचा काटा वर जातो, आपसूक खाली येतो आणि पुन्हा वर जातो तेव्हा. फिटरच्या दारात नेली की काटा शहाण्यासारखा मध्यावर. मग अंदाजाने थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) बदलतात, वॉटर बॉडी (पाणी फिरवणारा पंप) बदलतात, पैसे जातात आणि दुखणं तसंच राहतं.

म्हणून विनंती अशी की कुठला पार्ट बदलला ते लिहाच, पण त्याआधी काटा नेमका कधी हलायचा ते लिहा. चढावर की उतारावर? चालत्या गाडीत की उभ्या? पहिल्या स्टार्टला की तासाभराने? निम्मं निदान त्यातच होतं.

माझी गाडी डिझेल, वीस वर्षांची. अणुस्कुरा घाट भरल्या गाडीने चढताना काटा पाऊणच्या वर जातो, माथा आला की थोड्या वेळात खाली. घाटात काटा थोडा चढणारच, पण हा पूर्वी इतका चढत नव्हता. सपाटीवर काहीच नाही.

देवगड, आंबा वाहतूक

आमच्या गाडीचा काटा सपाट रस्त्यावरही एकदम उसळायचा आणि तसाच एकदम पडायचा. ऐन सीझनमध्ये, पेट्या भरलेल्या, वाशीला पोचायची घाई, आणि काट्याचा हा खेळ. कारण होतं पाणी कमी होऊन आत धरलेली हवा. तापमानाच्या सेन्सरपाशी हवेचा फुगा आला की काटा वाफेचं तापमान दाखवतो, पाणी आलं की पाण्याचं.

पण पाणी जात होतं कुठे? खाली थेंबही दिसायचा नाही. गाडी थंड असताना टॉर्च मारून वॉटर बॉडीच्या खालून पाहिलं, तर तिथल्या बारीक भोकाखाली कूलंट वाळून पांढरट-हिरवा ओघळ धरलेला. गरम इंजिनवर पडलेला थेंब तिथेच सुकून जायचा, म्हणून जमीन कोरडी. रात्री खाली पुठ्ठा ठेवला, सकाळी त्यावर डाग. वॉटर बॉडी बदलली.

त्याहून महत्त्वाचं, नंतर हवा नीट काढली. गाडी चढावर तोंड वर करून लावायची, थंड असतानाच रेडिएटरचं झाकण काढायचं, इंजिन चालू ठेवून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थांबायचं. रेडिएटरचा वरचा पाईप गरम होतो, बुडबुडे येतात, पातळी खाली बसते. तशी बसेल तसं कूलंट भरत जायचं. हे काम घाईचं नाही. गॅरेजात पाणी ओतून झाकण लावून देतात आणि दुसऱ्या दिवशी काटा पुन्हा नाचतो.

मालवण, ऑटो इलेक्ट्रिशियन

माझ्याकडे मासळीच्या गाड्या जास्त. त्यांत निम्म्या वेळा इंजिन तापलेलंच नसतं. ओळखायचं कसं: हेडलाइट लावले की काटा हलतो, बंद केले की परत येतो. एवढं लोखंड आणि एवढं पाणी एका सेकंदात गरम-थंड होऊच शकत नाही. तो अर्थिंगचा दोष.

बर्फाचं खारं पाणी हौद्यातून चासीवर गळत असतं, त्यात समुद्राची हवा. बॅटरीची निगेटिव्ह वायर इंजिनला जिथे बोल्टने धरलेली असते तिथे गंज धरतो. दिवे लावून, इंजिन चालू ठेवून मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावा. तिथे अर्धा व्होल्ट जरी दिसला तरी बोल्ट खोला, पॉलिश पेपरने घासा, ग्रीस लावून आवळा. सेन्सरच्या टोकावरचा हिरवा गंजही काढा. मगच पुढचा खर्च करा.

चिपळूण, भाजीची गाडी

परशुराम घाटात ट्रॅफिकमध्ये गाडी उभी राहिली की काटा वर, वारा लागला की खाली. फॅन क्लच, म्हणजे इंजिन तापलं की पंख्याला धरून फिरवणारा भाग, गेला होता. गरम इंजिन बंद करून पंखा हाताने फिरवून बघा. मोकळा गरगर फिरला तर क्लच बाद. पंख्याचा जुना पट्टा चकाकत असेल तर तोही घसरतो.

खेड

थर्मोस्टॅट काढूनच टाका. आपल्याकडे थंडी असते कुठे? माझी गाडी अशीच चालते.

सावंतवाडी, फिटर

खेडच्या दादांचं मला पटत नाही आणि हे मी कळकळीने सांगतो. थर्मोस्टॅट नसलेली गाडी आंबोली उतरताना पार गार पडते. डिझेल जास्त खाते, ऑइल लवकर खराब होतं. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला तर पाणी रेडिएटर सोडून तिकडूनच फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते.

थर्मोस्टॅट अडकत असेल तर काटा हळूहळू चढतो आणि मग झपकन उतरतो. तपासायला टोपात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने तळाला न टेकवता सोडा, शेजारी थर्मामीटर. त्यावर बहुधा ८२ असा आकडा असतो. त्याच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे आणि अजून दहाएक अंशांत पुरता उघडला पाहिजे. आमचे जुने मिस्त्री कुठल्याही तापल्या गाडीला आधी एकच सांगायचे, "आदी थंड होवंदे, मगे झाकण."

कणकवली

रेडिएटरच्या झाकणाचंही लिहा कुणीतरी. त्यावर बऱ्याचदा ०.९ लिहिलेलं असतं, तो बाहेरच्या हवेहून जास्तीचा दाब. साधं पाणी उघड्यावर १०० अंशांना उकळतं, तेच त्या दाबात ११८ च्या आसपास. रबर कडक झालं की दाब धरत नाही. माझ्या गाडीत थंड झाल्यावर कूलंटच्या बाटलीतलं पाणी रेडिएटरमध्ये परत खेचलं जात नव्हतं, तीच खूण.

गुहागर, चिऱ्यांची गाडी

सगळं बदलूनही काटा हलत असेल तर सकाळी थंड गाडी स्टार्ट करा आणि वरचा पाईप दाबून बघा. पाणी तापायच्या आतच पाईप दगडासारखा झाला आणि बाटलीत सतत बुडबुडे येत राहिले, तर सिलिंडरचा गॅस पाण्यात घुसतोय. आमचं हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) गेलं होतं. हेड खोललंच तर ते सपाट आहे का ते लेथवाल्याकडून तपासून घ्या, नुसतं नवं गॅस्केट टिकत नाही.

राजापूर, धागा काढणारा

सगळ्यांचे मनापासून आभार. देवगड आणि मालवणच्या दादांनी सांगितलेलं आधी तपासलं, पाणी पुरं होतं, अर्थिंग ठीक. मग घाट चढून आल्याआल्या इन्फ्रारेड थर्मामीटरने रेडिएटर मोजला. कडेला गरम, मधे खालच्या भागात गार पट्टा. म्हणजे तिथल्या नळ्यांतून पाणीच जात नव्हतं. रेडिएटरच्या टाक्या उघडल्यावर आत बोअरच्या पाण्याचा पांढरा थर निघाला. नळ्या साफ करून घेतल्या, बाहेरच्या जाळीतली लाल माती आतल्या बाजूने पाणी मारून काढली, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं. आता भरल्या गाडीने अणुस्कुऱ्यात काटा मध्याच्या जरा वर जातो आणि तिथेच थांबतो.

इलेक्ट्रिक पंख्याच्या गाड्यांबद्दल अजून कुणी लिहिलेलं नाही. रिले आणि फॅन स्विचचा अनुभव असेल तर जरूर लिहा, पंखा किती तापमानाला सुरू होतो तेही सांगा.