फक्कीवर विसंबू नका, दगड डोळ्यांसमोर पुरून घ्या

दादा, प्लॉटिंगवाल्यानं चुन्याची फक्की मारली, खुंट्या ठोकल्या, प्लॉटची हद्द दाखवायला तेवढं पुरे का, असं विचारलंय तुम्ही. अजिबात नाही. फक्की पहिल्या पावसात जाते, खुंटी कुणीही उपटतं.

परभणीला आमच्या ३० बाय ५० च्या प्लॉटचे दगड वीतभरच पुरलेले होते. आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, पावसाळ्यात फुगते. दोन वर्षांत कोपऱ्याचा दगड कलंडला, मग नालीच्या कामात जेसीबीनं उचललाच. शेजाऱ्यानं अंदाजानं भिंत घातली ती लांबीच्या बाजूनं फूटभर आत. ५० चौरस फूट गेले. त्याला तरी दोष कसा द्यायचा? खूणच दिसत नव्हती.

बांधकामाआधी भूमी अभिलेख कार्यालयाकडे हद्द कायम मोजणीचा, म्हणजे सरकारी मोजणीनं हद्द ठरवून घ्यायचा, अर्ज करा. लगतच्या प्लॉटधारकांना नोटीस जाते, तरी त्यांना स्वतः फोन करून बोलवा. ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीच्या नकाशाची प्रत, हातात घ्या. दगड किमान दोन फूट खोल, तळाला काँक्रीट घालून बसवा. मग टेप धरून कर्ण मोजा. ३० बाय ५० चा प्लॉट काटकोनी असेल तर दोन्ही कर्ण साधारण ५८ फूट पावणेचार इंच भरतात. प्रत्येक कोपरा विजेच्या खांबापासून, विहिरीच्या कठड्यापासून किती लांब आहे तेही लिहून ठेवा, म्हणजे दगड गेला तरी जागा सापडते.

प्लॉट गुंठेवारीतला, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्यानं तुकडे पाडून विकलेला असेल, तर मात्र आधी अख्ख्या गटाची, म्हणजे ज्या मूळ जमिनीतून तुकडे पडले तिची, हद्द तपासा. गटच सरकलेला असेल तर आतली मापं बरोबर येऊनही उपयोग नाही.