‘उसकी रोटी’बद्दलचं मत कशामुळे बदलावं? (एक चर्चा; प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

चौकट
दिग्दर्शक मणी कौल यांच्या ‘उसकी रोटी’ या चित्रपटाला (१९६९) पन्नासहून जास्त वर्षं झाली, तरी दोनच वाक्यं कानावर येतात. एक, ‘काहीच घडत नाही’. दुसरं, ‘अभिजात आहे’. चित्रपट न बघताही दोन्ही बोलता येतात. माझं म्हणणं, पहिलं मत बदलायला हवं, आणि त्याचं कारण पडद्यावर मोजून दाखवता येतं.

मूळ कथा हिंदी लेखक मोहन राकेश यांची. सुच्चासिंग बस चालवतो. बालो त्याच्यासाठी रोट्या घेऊन रस्त्यावर उभी राहते. एके दिवशी धाकट्या बहिणीवर, जिंदावर, गावातल्या माणसाची वाईट नजर पडते आणि त्या गोंधळात बालोला उशीर होतो. नवरा रागावतो, ती थांबून राहते. गोष्ट एवढीच.

कौल आणि छायाचित्रकार के. के. महाजन यांनी यासाठी दोन लेन्सवर भिस्त ठेवली : २८ मिमी (रुंद दृश्य घेणारी) आणि १३५ मिमी (लांबचं जवळ आणणारी). ३५ मिमी फिल्मवर २८ला साधारण ४३ अंशांचा आडवा कोन मिळतो, १३५ला जेमतेम ९. एफ ८ला, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान ठेवून, २८चा फोकस ४ मीटरवर लावला, तर २ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट. १३५ला एफ ४वर, म्हणजे छिद्र मोठं ठेवून, ५ मीटर अंतरावरचा चेहरा घेतला, तर स्पष्ट पट्टा सव्वा फुटाच्याही आत. मागची भिंत विरघळते. सुरुवातीला २८ म्हणजे बालोचं प्रत्यक्ष जगणं आणि १३५ म्हणजे तिच्या मनातलं. पुढे हे नातं उलटतं. हे कौल यांनी स्वतः सांगितलं आहे. वाट बघून थकलेल्या माणसाला खरं काय आणि मनातलं काय हे कळेनासं होतं, ते इथे संवादाशिवाय घडतं. मग ‘काहीच घडत नाही’ कसं म्हणायचं?

रीळ सातवं
आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष नाही. नियम आधी प्रेक्षकाच्या अंगवळणी पडला, तरच तो मोडल्याचं त्याला जाणवणार. इथे कौल यांची मुलाखत वाचल्याशिवाय किती जणांना तो कळतो? सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे आहे हे ऐकणाऱ्याला माहीतच नसेल, तर ती चुकवण्यात काय हशील? मुलाखत वाचून मत बदललं असेल, तर ते मुलाखतीबद्दलचं मत झालं.

दुसरं, बोलणं. सगळी पात्रं एकाच सपाट सुरात बोलतात. ही फ्रेंच दिग्दर्शक रोबेर ब्रेसाँची रीत, आणि कौल यांनी हे ऋण लपवलेलं नाही. पण ब्रेसाँ आपल्या माणसांकडून वाक्य पुन्हा पुन्हा म्हणवून घेत, अभिनय गळून पडेपर्यंत. उरायचा तो नुसता स्वर. इथे बऱ्याच ठिकाणी पाठ केलेलं वाक्य ऐकू येतं. दोन्हींत फरक आहे, आणि तो कानाला कळतो.

तळघर
दोघांना एक विचारतो, चित्रपट कुठल्या प्रतीवर पाहिलात? लेन्सबद्दलचा निम्मा वाद प्रतीपाशीच अडकतो. इंटरनेटवरच्या प्रती खूप दाबलेल्या (कॉम्प्रेस केलेल्या) असतात. मूळ चित्र चौकोनी वळणाचं. ते आजच्या टीव्हीच्या रुंद १६:९ आकारात ताणलं की प्रत्येक चेहरा तिसऱ्या हिश्श्याने रुंद होतो. लांब लेन्सने चपटं झालेलं चित्र आणि ताणून चपटं झालेलं चित्र, दोन्ही सारखीच दिसायला लागतात.

बघण्याआधी एवढं करा. बसचं चाक पडद्यावर गोल दिसतं का ते पाहा. अंडाकृती असेल तर प्लेअरमध्ये गुणोत्तर ४:३ करा. टीव्हीचं ‘शार्पनेस’ शून्यावर आणा, कारण ते फोकसबाहेरच्या भागालाही खोट्या कडा काढतं आणि १३५ची सगळी मऊ पार्श्वभूमी दाणेदार होते. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. खोलीत अंधार हवा. काळ्यापांढऱ्या चित्रातल्या गडद करड्या छटा उजेडात सगळ्यात आधी मरतात, आणि महाजन यांचं अर्धं काम त्या छटांमध्येच आहे.

मग नियम पाठ असायची गरज नाही. बालोच्या पाठीमागे काय दिसतं ते बघा. बालो पडद्यावर तेवढीच दिसावी म्हणून २८ दीड मीटरवर लावली, तर १३५ सव्वासात मीटरवर न्यावी लागते. तिच्या वीस मीटर मागे २८ला सुमारे १७ मीटर रुंदीचं शेत मावतं, १३५ला साडेचार मीटरही नाही. बाईच्या मागे गाव आहे की नुसता करडा रंग, हे कुणालाही दिसतं.

आलापी
मला तर यात ध्रुपदाचा आलाप दिसतो. कौल रुद्रवीणावादक झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे ध्रुपद शिकले. एकेका स्वरावर थांबणं तिथूनच आलं असणार.

तळघर
आलापी, कालक्रम बघा. कौल यांचा ‘ध्रुपद’ हा माहितीपट १९८२चा. नंतरची साधना आधीच्या चित्रपटाच्या गळ्यात घालू नका. ‘उसकी रोटी’साठी कौल यांनी ब्रेसाँबरोबर नाव घेतलं ते अमृता शेर-गिल यांच्या चित्रांचं. बायकांचं बसणं, हातांची ठेवण, खाली झुकलेल्या पापण्या तिथून तपासा. जास्त हाती लागेल.

रीळ सातवं
प्रतीचा मुद्दा मान्य. पण ‘आधी सगळ्यांनी झिडकारला, मग जगाला कळला’ ही या चित्रपटाबद्दल नेहमी सांगितली जाणारी कथाच मुळात खोटी आहे. फिल्मफेअरचा समीक्षक पुरस्कार त्याला त्याच वेळी मिळाला, महाजन यांना राष्ट्रीय पुरस्कारही. पैसा सरकारी फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनचा होता. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून आलेल्या या पिढीला दारं बंद नव्हती. मतभेद पहिल्या दिवसापासून होते आणि जाणकारांमध्येच होते. १९७४मध्ये सत्यजित राय यांनी कौल यांच्या ‘दुविधा’ या चित्रपटावर टीका केली, ती काय चित्रभाषा समजत नव्हती म्हणून?

चौकट
ही दुरुस्ती पूर्ण मान्य. अन्याय झाला तो टीकेने नाही, थिएटरं न मिळाल्याने. ज्यांच्यासाठी सरकारने पैसा दिला, त्या सामान्य प्रेक्षकासमोर चित्रपट धडपणे गेलाच नाही. त्यामुळे ‘लोकांना आवडला नाही’ हेही सिद्ध होत नाही.

समेबद्दल मात्र मी हटत नाही. नियम कळायची गरज नाही, भान सुटायची आहे. शेवटाकडे रात्री बस येते, ती रस्त्यावर आली की बालोच्या मनात, हे मला ठामपणे सांगता येत नाही. ते सांगता न येणं लेन्सच्या अदलाबदलीतून तयार झालं आहे. तुम्हाला सांगता येतं का?

रीळ सातवं
नाही येत. आणि बालोपुरतं ते चालतं, एवढं मत मी बदलतो. तिचं वाट बघणंच तसं आहे. पण जिंदाचं काय? तिच्यावरचं संकट ही बालोच्या मनातली शक्यता नाही. तो गावातला खरा पुरुष आहे आणि उशीर त्याच्यामुळे झाला आहे. खरं आणि मनातलं यांची सरमिसळ तिच्यापर्यंत पोचली की त्या मुलीची भीतीही एक करडी छटा होऊन बसते. राकेश यांच्या कथेत ती भीती ठसठशीत आहे. दोन लेन्सच्या हिशेबात तिच्यासाठी तिसरी जागा हवी होती, आणि ती कुठल्या शॉटमध्ये आहे ते मला कुणी दाखवावं.