प्रवाळांच्या टाकीत नायट्रेट शून्य असावे का?

प्रश्न: माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत नायट्रेट आणि फॉस्फेट, ही दोन्ही पोषकद्रव्ये चाचणीत शून्य येतात. एक जाणकार म्हणतात की हेच उत्तम, तर दुसरे म्हणतात की अशाने प्रवाळ उपाशी मरतील. वाळूवर मात्र बुडबुडे धरलेला तपकिरी, चिकट थर चढतो आहे. कोणाचे ऐकावे?

उत्तर १: दोघेही आपापल्या टाकीपुरते खरे बोलत असावेत. ज्यांच्याकडे मासे पुष्कळ असतात आणि खाणेही सढळ हाताने घातले जाते, त्यांच्या प्रवाळांना अन्नातूनच पोषण मिळत राहते, त्यामुळे पाण्यात फारसे काही उरले नाही तरी बिघडत नाही. मोजक्या माशांच्या टाकीत तेच शून्य उपासमार ठरते. तुमचा थर डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय सूक्ष्मजीवांचा वाटतो, आणि तो अशाच पाण्यात फोफावतो. सूक्ष्मदर्शकाखाली खात्री करून घ्या आणि मगच खाणे हळूहळू वाढवा.

उत्तर २: क्षारतेचा (म्हणजे खारटपणाचा नव्हे, तर अल्कलिनिटीचा, पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटच्या प्रमाणाचा) उल्लेख कोणीच कसा केला नाही? समुद्रात ती साधारण ७ डीकेएच (ती मोजण्याचे एकक) असते. पोषकद्रव्ये नगण्य असताना ती ११ वर ठेवल्यास ॲक्रोपोरा या फांद्यांच्या प्रवाळाची टोके जळल्यासारखी पांढरी पडू शकतात.

प्रश्नकर्ता: क्षारता १०.५ आली. मिठाच्या पाकिटावरही तोच आकडा छापलेला आहे.

उत्तर २: मग आधी मीठ बदला.