मेपलचा रस आणि घरगुती सिरप: नेमके अनुभव लिहा

कॅनडा-अमेरिकेतल्या ऑन्टॅरिओ, क्वेबेक, व्हरमाँट, न्यू हॅम्पशायर या पट्ट्यात घरामागच्या मेपलच्या झाडातून रस काढून, तो आटवून सिरप करणारे मराठी लोक आता बरेच आहेत. हंगाम जेमतेम चार ते सहा आठवड्यांचा असतो आणि एक चूक झाली की आठवडा हातचा जातो. म्हणून भोक किती खोल, आच किती, काय बिघडतं आणि का, एवढंच लिहूया. नवख्या माणसाला हे वाचून काम सुरू करता आलं पाहिजे. प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं ठिकाण आहे.

ओटावा

झाड पानं असतानाच ओळखून खोडाला सुतळी बांधून ठेवा. हिवाळ्यात ओळखायचं तर मेपलच्या फांद्या समोरासमोर जोडीने फुटतात. शुगर मेपलची कळी तपकिरी, बारीक आणि टोकदार असते, नॉर्वे मेपलची जाड आणि बोथट. रस दोन्हींचा चालतो. रेड आणि सिल्व्हर मेपलही चालतात, पण त्यांच्या कळ्या लवकर फुगतात, त्यामुळे हंगाम लवकर आटोपतो.

छातीच्या उंचीवर खोडाचा व्यास निदान 25 सेंमी हवा, 30 असेल तर उत्तम. ड्रिलचं बिट 8 मिमीचं, म्हणजे 5/16 इंची. टोकापासून 4 सेंमीवर चिकटपट्टी गुंडाळा आणि तिथे थांबा. भोक आत जाताना किंचित वर चढतं ठेवा, म्हणजे रस साचून न राहता बाहेर येतो. बिटाबरोबर येणारा भुसा नीट बघा. पांढरट, ओलसर असेल तर लाकूड जिवंत आहे. तपकिरी आला तर ते मेलेलं लाकूड, तिथून रस येणार नाही.

रस बाहेर आणणारी तोटी भोकात हातोडीने हलके ठोका. टणटण आवाज बदलून बद्द झाला की थांबा. आणखी एक घाव घातला तर लाकूड उभं चिरतं आणि रस तोटीऐवजी सालीवरून ओघळतो. कडाक्याच्या थंडीत गोठलेल्या झाडावर हे काम करू नका, तेव्हा चिरण्याची शक्यता जास्त.

व्हरमाँट

वरच्या माहितीत थोडी भर. खोड 45 सेंमीपेक्षा जाड असेल तर दोन भोकं चालतात. पण शेंडा वाळलेला किंवा गेल्या उन्हाळ्यात पानं झडलेली असतील, तर एकच पाडा किंवा त्या वर्षी झाडाला सोडून द्या. प्रत्येक भोकाच्या वर-खाली लाकडाचा लांब पट्टा कायमचा निकामी होतो. म्हणून पुढच्या वर्षीचं भोक जुन्यापासून निदान 5 सेंमी बाजूला आणि 15 ते 30 सेंमी वर-खाली घ्यायचं.

तारखेपेक्षा तापमान पाहा. रात्री उणे पाचच्या आसपास आणि दिवसा अधिक पाच, असे दिवस लागोपाठ आले की रस धावतो. रात्र गोठली नाही तर धार दोन-तीन दिवसांत बंद पडते.

जुन्या बाजारातून पत्र्याच्या बादल्या घेऊ नका, त्यांचे सांधे बऱ्याचदा शिशाने झाळलेले असतात. अन्नासाठीच्या प्लास्टिकच्या, झाकणाच्या बादल्या घ्या. सकाळी बादलीत बर्फ तरंगत असेल तर तो काढून टाका. तो जवळजवळ निव्वळ पाणी असतो आणि साखर खालच्या रसात राहते, त्यामुळे आटवायचं काम तेवढंच कमी होतं. रस 4 अंशांखाली ठेवा आणि दोन-तीन दिवसांत आटवा. दुधाळ दिसायला लागला की तो बिघडला.

न्यू हॅम्पशायर

आटवण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

रसात साखर साधारण 2 टक्के असते. 86 ला त्या टक्क्याने भागा, तेवढे लिटर रस एका लिटर सिरपला लागतो. म्हणजे 2 टक्क्यांना 43 लिटर. उरलेले 42 लिटर वाफ होऊन जायचे असतात, म्हणून हे घरात करू नका. भिंतीचा रंग आणि वॉलपेपर सुटतो. अंगणात विटांचं चुलवाण आणि त्यावर स्टीलची रुंद, उथळ काहील ठेवा. उंच पातेल्यात काम दुपटीने रेंगाळतं, कारण वाफ पृष्ठभागावरून जाते.

काहिलीत रस कायम 3-4 सेंमी ठेवा. पातळी उतरली की तळाला करपतो आणि तो वास मग कशानेही जात नाही. गार रस एकदम ओतला तर उकळी मोडते, म्हणून बाजूच्या भांड्यात तापवून बारीक धारेने सोडा. फेस वर आला की साजूक तुपाचा एक थेंब पुरतो. गुऱ्हाळात मळी वर आणायला भेंडीचा चिकट रस वापरतात, इथे तसं काही लागत नाही. फेस झाऱ्याने काढत राहा.

शेवटचे चार-पाच लिटर उरले की घरात गॅसवर घ्या, तिथे आच हातात राहते. सिरप पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या 4 अंश वर तयार होतं. 104 हा आकडा डोळे झाकून धरू नका. हवेचा दाब आणि उंचीप्रमाणे पाणी 99 लाही उकळतं, म्हणून त्याच दिवशी, त्याच थर्मामीटरने आधी साधं पाणी उकळून बघा. लाडवाच्या पाकासारखी तार बघत बसलात तर सिरप बहुधा पुढे गेलेलं असतं.

घनता 66 ब्रिक्स, म्हणजे वजनाने 66 टक्के साखर, हवी. कमी राहिली तर बाटलीत आंबतं किंवा बुरशी धरतं. फार जास्त झाली तर तळाला खडे जमतात. घनता मोजायचा हायड्रोमीटर स्वस्त मिळतो, जरूर घ्या.

माँट्रियल

गाळण्याचं राहिलं. आटताना मॅलिक आम्लाचे क्षार वेगळे होऊन बारीक रेती तयार होते. सुती कापडातून ती निघत नाही. जाड फेल्टचा, म्हणजे नमद्यासारख्या दाबलेल्या कापडाचा गाळणा घ्या, आधी गरम पाण्यात भिजवून पिळा आणि सिरप कढत असतानाच ओता. गार झालं की गाळण्यात अडकून बसतं. पिळून काढायचा मोह टाळा, त्याने रेती खाली उतरते. गाळणा साबणाने कधीच धुऊ नका, वास पुढच्या घाण्यात उतरतो.

बाटलीत भरताना सिरप 82 ते 88 अंशांत ठेवा. त्याहून तापवलं तर नवी रेती धरते. झाकण लावून बाटली मिनिटभर आडवी ठेवा, म्हणजे झाकणाची आतली बाजूही निर्जंतुक होते. उघडल्यावर फ्रिजमध्येच.

हंगामाच्या शेवटी रंग गडद होतो, त्यात बिघाड नाही. ऊब वाढली की जिवाणू रसातल्या साखरेचं विघटन करतात आणि आटताना रंग चढतो. स्वैपाकाला मला तेच आवडतं. पण कळ्या फुगल्या की रसाला उग्र, नकोसा वास येतो, त्या दिवशी थांबा. तोट्या सरळ ओढून काढा आणि भोकात बूच, मेण, लाकूड काही ठोकू नका. झाड ते आपलं आपण भरून काढतं.