मदत हवी आहे: फेरीबोटीत आणि बसमध्ये नाट्यपदं ऐकायला दोन हजारांत कोणता इयरफोन घ्यावा?

तळ्याकाठी

नमस्कार मंडळी.

मी राहतो मयेत, नोकरी पणजीला. चोडणच्या धक्क्यापर्यंत स्कूटर, तिथे ती लावून फेरीने रायबंदर, पुढे बस. स्कूटरवर कानात काही घालत नाही, त्यामुळे त्यावरून कुणी ओरडू नये. फेरीची वाट बघणं, फेरी आणि बस मिळून जाऊन-येऊन सव्वा तास तरी मिळतो. सध्या तो फार कामाचा आहे, कारण गावच्या संगीत नाटकात यंदा माझ्या वाट्याला चार पदं आलीत. पेटीवाले काका तालमीचं रेकॉर्डिंग व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, जुन्या गायकांच्या तबकड्या यूट्यूबवर आहेतच. ऐकून ऐकून गळ्यात बसवायचं, दुसरी पद्धत मला येत नाही.

आजवरचे पराक्रम असे. पहिले बिनवायरचे घेतले. जुलैत फेरीत रेनकोटची टोपी मागे सारली, तिच्याबरोबर उजवा मांडवीत गेला. डावा अजून कपाटात आहे, टाकवत नाही. दुसरे घेतले ते दीड वर्षात म्हातारे झाले, बॅटरी पाऊण तासात मान टाकते. शिवाय त्यांचा आवाज असा की डग्गा धमधम छातीत वाजतो आणि पदाचे शब्दच कळत नाहीत. मग वायरवालाच घ्यावा म्हटलं, तर माझ्या फोनला गोल भोक नाही. म्हापशाच्या बाजारातून दीडशे रुपयांचा जोड (अ‍ॅडॉप्टर) आणला, तो माझ्या फोनवर चालत नाही, मेव्हण्याच्या फोनवर चालतो. हे काय गौडबंगाल आहे?

बजेट सगळं धरून दोन हजार, फार तर अडीच. वायरचा घेऊ की पुन्हा बिनवायरचा? दुकानदार कानात घालून बघू देत नाहीत (बरोबरच आहे म्हणा), मग पारख करायची कशी?

वायरवाला

आधी जोडाचं सांगतो. टाइप-सी ते गोल भोक असे जोड दोन प्रकारचे असतात. एकात नुसत्या तारा. फोनने स्वतःच त्या टाइप-सीमधून अ‍ॅनालॉग आवाज बाहेर सोडला तरच तो वाजतो. मेव्हण्याचा फोन सोडतो, तुमचा सोडत नाही. दुसऱ्यात इवलीशी डॅक चिप असते, ती डिजिटलचा आवाज स्वतः करते. तुम्हाला हा दुसरा हवा. विकत घेताना 'डॅक आहे का' एवढंच विचारा. अ‍ॅपलचा टाइप-सीवाला हजाराच्या आत मिळतो आणि त्याचा आवाज स्वच्छ आहे, पण बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर तो हळू वाजतो, म्हणून तुम्हाला सुचवत नाही. फेरीत जीव जाईल.

आता इयरफोन. गेल्या चार-पाच वर्षांत चिनी कंपन्यांनी या किमतीत कमाल केली आहे. मूनड्रॉप चू २ किंवा सेव्हन हर्ट्झ झीरो २, दोन्ही दोन हजारांच्या आसपास. दोघांतही १० मिलिमीटरचा एकच ड्रायव्हर (आतला आवाज काढणारा भाग), आणि वायर सुटी होते. हे सुटं होणं महत्त्वाचं. वायरचे इयरफोन मरतात ते बहुधा वायर मेल्यामुळे. इथे दोन पिनांची नवी वायर दोन-तीनशेत लावली की पुन्हा जिवंत. अगदीच तंगी असेल तर केझेडचा ईडीएक्स प्रो हजाराच्या आत येतो, पण त्याची धमधम तुमच्या जुन्याची आठवण करून देईल.

बॉक्सवर ड्रायव्हर किती, हे बघून भुलू नका. चार ड्रायव्हरांचं वाईट जुळवलेलं कडबोळं एका चांगल्या ड्रायव्हरपुढे फिकं पडतं.

खर्ज

वायरवाल्यांचं वायरप्रेम ठाऊक आहे, पण फेरीचं इंजिन विसरू नका. डिझेलची ती एकसुरी घरघर खालच्या पट्टीतली. नुसत्या रबरी बोंडाने कान बंद करून माणसांच्या गप्पा, हॉर्न बरेच कमी होतात, घरघर तेवढी होत नाही. तिथे नॉइज कॅन्सलिंगच (बाहेरचा आवाज उलट्या आवाजाने मारायची सोय) कामाला येतं, कारण ते नेमकं अशाच सलग खालच्या आवाजावर चालतं. मी रोज बसने जातो, मला तरी त्याशिवाय करमत नाही. आमच्या खासगी बसवाल्यांची गाणी मात्र कुठल्याच तंत्रज्ञानाने बंद होत नाहीत.

वायरवाला

@खर्ज, मुद्दा मान्य. पण दोन हजारांतलं कॅन्सलिंग बॉक्सवर जेवढं जोरात असतं तेवढं कानात नसतं. आणि यांना पद पाठ करायचंय. उद्या हे ऐकता ऐकता गुणगुणून स्वतःचं रेकॉर्ड करायला गेले, की ब्लूटूथचा माइक चालू होतो आणि सगळा आवाज फोनकॉलच्या दर्जावर घसरतो. पेटी डब्यात वाजल्यासारखी. शिवाय आवाज उशिरा पोचतो, सम चुकायला तेवढं पुरतं.

जुनी तबकडी

गायिका केसरबाई केरकर आमच्या केरीच्या. त्यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानावरच्या तबकडीतून अंतराळात गेली, आणि तुम्हाला चोडणच्या फेरीत गाणं ऐकू येईना!

थट्टा पुरे. वरची मॉडेलं चांगलीच आहेत, पण ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जुन्या तबकड्या ऐकणाऱ्याने एक लक्षात ठेवावं. त्यांत सात-आठ हजार हर्ट्झच्या वर गाणं जवळजवळ नसतंच, असते ती खरखर. नव्या इयरफोनची वरची चकाकी ती खरखरच उजळून दाखवते. तेव्हा अँड्रॉइडवर वेव्हलेट नावाचं अ‍ॅप घ्या आणि वरचे पट्टे थोडे खाली ओढा. कंठ पुढे येतो, मागची पेटीही कळते. मात्र काकांचं ताजं रेकॉर्डिंग ऐकताना ते बंद करा, नाहीतर टाळ-झांज मेल्यासारखी वाटेल.

पारखायला तानपुरा लावा. जवारीचा तो गुंजारव एका सलग धाग्यासारखा ऐकू यायला हवा. नुसतं भुणभुण झालं तर तो इयरफोन नाट्यपदांच्या कामाचा नाही. मग डग्ग्याची मींड ऐका: दाब देऊन सूर वर चढतो तो चढताना कळला पाहिजे, नुसता 'धप्प' नको.

तळ्याकाठी

सगळ्यांचे आभार. @खर्ज, बसवाल्यांबद्दल शंभर टक्के सहमत. झीरो २ आणि चिपवाला जोड मागवतोय. आल्यावर कळवतो.

तळ्याकाठी (बारा दिवसांनी)

आले, पण फसलो की काय असं वाटतंय. दोन तक्रारी. एक, डग्गा जवळजवळ गायबच. धमधम नको म्हटलं होतं, पण इतकीही नको नव्हती! दोन, उजवीकडचा आवाज डाव्यापेक्षा कमी. परत पाठवायची मुदत परवा संपते.

वायरवाला

थांबा, पाठवू नका. आधी उलटे घालून बघा, डावा उजव्या कानात. कमीपणा इयरफोनबरोबर डाव्या कानाकडे सरकला तर माल खराब, पाठवा. उजवीकडेच राहिला तर प्रश्न कानाचा किंवा बोंडाचा.

मला बोंडाचाच संशय आहे, कारण डग्गाही गेलाय. कानात फट राहिली की खालचे सूर त्या फटीतून निघून जातात. त्यापुढे ड्रायव्हर काही करू शकत नाही. घालताना दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर-मागे ओढा, इयरफोन किंचित फिरवत आत न्या, वायर कानावरून मागे घ्या. तशी घेतली की चालताना वायरची खसखसही येत नाही. मोठी बोंडं लावून बघा. दोन्ही कानांची भोकं सारखी असतात असा काही नियम नाही.

जुनी तबकडी

फोमची बोंडं मिळाली तर फेरीसाठी उत्तम. बोटांत दाबून बारीक करा, कानात घालून अर्धा मिनिट धरून ठेवा, ती फुगून बसतात. पण आपल्याकडच्या दमट हवेत आणि घामात फोम लवकर खलास होतो, पावसाळ्यात दोन-तीन महिने धरा. इयरफोन ओल्या खिशात ठेवू नका. औषधाच्या डबीतली ती सिलिकाची पुडी असते ना, ती घालून छोट्या डबीत ठेवा. नळीच्या तोंडावरच्या बारीक जाळीत ओल किंवा मळ बसला की एक बाजू हळू होते, आणि लोक ड्रायव्हर गेला म्हणतात.

आणि कान नीट बंद झाला की आवाज उगाच चढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मर्यादा सांगते. फेरीच्या इंजिनावर मात करायला गेलात तर आवाज त्याच्या बराच पुढे जातो.

तळ्याकाठी

वायरवाला, साष्टांग नमस्कार. उलटे घातले तरी उजवीकडेच कमी. उजव्या कानात मोठं बोंड, डाव्यात मधलं, असं लावलं आणि डग्गा चक्क परत आला! पंचेचाळीस वर्षं हे कान वापरतोय, उजवा मोठा आहे हे आज कळलं. बायकोला सांगितलं तर म्हणाली, मग आता मी सांगते ते त्या बाजूने ऐकत चला.

परत पाठवत नाही. फेरीत घरघर अजून येते, खर्ज म्हणाले तशी, पण शब्द कळतात. तीन पदं बसली. चौथ्यातली एक जागा काही केल्या समजत नाही, पण त्यात इयरफोनचा दोष नाही. काकांनी रेकॉर्ड करताना मोबाइल थेट पेटीच्या भात्यासमोर ठेवलाय.